वरच्या फळीवरचा डबा

गडब

काशीताई,

पाठवायची हिंमत नाय, तरी लिहिते. तू रोह्याला मजेत असशील. मी नाय. पाळी जाऊन दोन वर्षं झाली आणि जेवून तास होत नाय तो पुन्हा पोटात आग पडते. हातपाय काटक्या, पोट तेवढं सातव्या महिन्याचं. पेणच्या डॉक्टरीणबाईंनी हार्मोनच्या गोळ्या दिल्या. अंगातल्या वाफा थांबल्या. मी विचारलं, भूक कधी थांबेल? म्हणाल्या, "ही गोळी भुकेसाठी नाही. या वयात पोट भरल्याचा निरोप कधीकधी डोक्यापर्यंत नीट पोचत नाही. तुमचा दोष नाही तो."

मग हे पंधरा वर्षांपूर्वी, तुझी पाळी गेली तेव्हा, कुणी का नाय सांगितलं? तू चोरून पोहे खातेस म्हणून मी घर डोक्यावर घेतलं, चूल वेगळी करायला लावली. आणि तू पण अशी! एकदा तरी बोलायचंस, "भूक लागते गो." तोंड शिवून निघून गेलीस.

काल आमच्या सुनेने, नम्रताने, पोह्यांचा डबा वरच्या फळीवर ठेवला. "आई, पोट बघा जरा," म्हणाली. माझं तोंडच उघडलं नाय.

तुझा डबा मी तिथेच ठेवला होता गो.

तुझी धाकटी जाऊ,
वनिता