रिलीव्ह झालेला ब्रिगेडियर

३ मार्च
परत तेच! बाबा जुरोंग आयलंडवरच्या कंपनीतून आले, बूट काढले, थेट माझ्या भावाच्या, रुचिरच्या टेबलाशी. त्याला शाळेत ब्रिगेडियर हॉल्डनवर बोलायचंय. १९४२ला जपानी सिंगापूरवर आले तेव्हाचा इंग्रजांचा मोठा अधिकारी. मसाल्याचा डबा म्हणजे हे बेट, वाट्या म्हणजे सैन्य. मी मोहरी मागायला गेले तर बाबा म्हणतात, "थांब गं जाई, लढाई चाललीय!"

४ मार्च
हॉल्डन मागे हटत हटत हरला. तरी त्याच्यावर प्रोजेक्ट! मी इथल्या शाळेच्या एंट्रन्सला दोनदा हरले, घरी बसले — तर आई लोकांना सांगते, "ती करतेय ऑनलाइन काहीतरी." माझ्यासाठी कुणी वाट्या मांडल्या नाहीत.

९ मार्च
बाबा हल्ली लवकर येतात. रुचिरसाठीच! माझ्या परीक्षेच्या वेळी कंपनीची बस एकदासुद्धा लवकर सुटली नाही.

१० मार्च
मज्जा! रुचिर वाचत होता — हॉल्डन वॉज रिलीव्ह्ड. "सो ही कॅन रिलॅक्स, लाह!" (इथल्या मुलांसारखं प्रत्येक वाक्याला 'लाह'.) मलाही तसंच वाटलेलं. बाबांनी पुण्याची कंपनी सोडली तेव्हा रिलीव्हिंग लेटर आलं, आईने पेढे वाटलेले. पण बाबा एकदम ओरडले, "काढलं त्याला! लढाई चालू असताना काढलं! हसतोस काय?" रुचिर रडकुंडीला आला. बरं झालं.

११ मार्च
रुचिरला वर्गात टाळ्या पडल्या. आईने शिरा केला. मी नाही खाल्ला. (नंतर खाल्ला.)

१२ मार्च
आईने सकाळी कोथिंबीर आणायला पाठवलं. वाटेतल्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉल्सपाशी, बाबा! ऑफिसच्या वेळेला! कॉफी गार झालेली, गळ्यात कंपनीचा पास नाही. मी मागच्या मागे पळणार होते.
"जाई. बस."
बसले.
"मला रिलीव्ह केलं गं."
मला समजावून सांगावं लागलं नाही.
"कधी?"
"तीन आठवडे झाले. दुसरी नोकरी लगेच लागली नाही तर आपण सगळे पुण्याला परत."
"आईला?"
"सांगतो. रुचिरला आत्ता नको."
मग कितीतरी वेळ बोलले. मुलाखतींचं, भीती वाटते त्याचं. माझ्याशी!
कोथिंबीर विसरले.

१३ मार्च
रुचिरला माहीत नाही, मला माहितीये. आणि मला आनंद होतोय. शी!
बाबा आजही ऑफिसला म्हणून निघाले. मग आईला मीच विचारलं — कोथिंबीर आणू का?