कर्नलच्या कोठीतली चार नंबरची खोली

९ फेब्रुवारी, शनिवार

आईने खोली ओळखली नाही!

बावन्न वर्षं काढली तिने या भिंतींत. नवरी होऊन आली ती इथे. मी रांगले ती इथे. बाबा गेले ते इथून. आणि आज उंबऱ्यात उभी राहून, छातीवर हात ठेवून, हॉटेलच्या पोरीला म्हणते, "काय सुंदर घर आहे गं तुमचं! बरकत येवो."

मी म्हटलं, "आई, ही आपली खोली."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही वेड मलाच लागलंय.

तिचा तरी काय दोष? खिडकी होती त्या कोपऱ्यात आता न्हाणीघर. आमच्या आणि अर्मेनियन शेजारणीच्या स्वयंपाकघरामधली भिंत पाडलीय. मच्छरदाणीचा पलंग, मखमली खुर्च्या. पलंगावर टॉवेलचे दोन हंस करून ठेवलेत. आई त्यांना हात लावायला घाबरतेय.

बाहेर पितळी पाटी — 'कर्नलची कोठी, १८९३'. आत काचेच्या चौकटीत इतिहास लावलाय. झारचा कर्नल, कर्नलची बायको, तिचा पियानो... आणि त्यापुढे एकदम हॉटेल! क्रांतीनंतर सरकारने खोल्या वाटल्या ती मधली नव्वद वर्षं, अकरा कुटुंबं, सगळ्यांत मिळून एक नळ, त्यांची एक ओळ नाही. डोक्यात तिडीक गेली. पण आम्ही इथे पाहुण्या आहोत.

खोली घेताना फोनवर मी सांगितलंय, आईचा वाढदिवस आहे. खोटं.

१० फेब्रुवारी

इथे तरी खरं लिहावं.

डॉक्टर म्हणाले, "आठवडा. फार तर दहा दिवस." यकृतात काही उरलेलं नाही. मी दहा दिवसांसाठी खोली घेतली.

जानेवारीत एकदा तापात ती म्हणाली होती, "मला तुझ्या बाबांच्या दारातून ने." एकदाच. नंतर परत बोलली नाही. पण मला विसरता येईना. माणसाने आपल्या दारातून जावं, पुरुषांच्या खांद्यावरून. बाहेर बाकं मांडलेली असावीत, कमरेला रुमाल बांधून शेजारी दोन्ही बाजूंना उभे असावेत. बाबा असेच गेले, या कोठीच्या मोठ्या दरवाज्यातून. अख्खा रस्ता अडला होता. ट्रामवाल्यानेसुद्धा गाडी थांबवून टोपी काढली होती.

आणि आता आमचं काय? नववा मजला. लिफ्टमध्ये जनाजा उभा करूनही मावणार नाही. सगळ्यांची दारं लोखंडी. सहा वर्षांत समोरच्या बाईचं नाव मला माहीत नाही. मेल्यावर कोण उभं राहणार? जिन्यातली मांजर?

आणि तिथे तिला नेलं कुणी? मी! २०१३ साली कोठीचा नवा मालक प्रत्येकाला फ्लॅट देत होता. आई नको म्हणत होती. मीच मागे लागले — आई, लिफ्ट आहे, गरम पाणी आहे, तुझे गुडघे बघ. शेवटी तिने कागदावर सही केली, पण पेन मी हातात दिलं होतं.

म्हणून हा घाट. या दहा दिवसांत ती गेली तर मालक कितीही आरडाओरडा करो, मेलेल्या माणसाला दारातून परत आत ढकलता येत नाही.

काय लिहितेय मी हे! आईच्या मरणाचा अंदाज धरून हॉटेलची खोली घेतली. शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला, नकाशे वाचायला शिकवलं. आणि शेवटी हा माझा नकाशा!

११ फेब्रुवारी

सकाळी सातला उठून बसली. म्हणे, रुमाल दे, रेशमी. केस विंचरून घेतले. माझ्या खांद्यावर भार टाकून खाली नाश्त्याला आली. नानचा तुकडा मोडला, खाल्ला नाही, चहाची वाटी ओठांना लावली, आणि हात पसरून यजमानासाठी इतकी लांबलचक दुवा मागितली की पलीकडच्या टेबलावरचं गोरं जोडपं चमचे खाली ठेवून बसलं. मग त्यांनी तिचा फोटो काढला.

निगोरा — स्वागतकक्षातली मुलगी — हरखून गेली. "बीबी, तुम्ही तर आमच्या हॉटेलची शोभा आहात!"

शोभा! पायऱ्या चढताना शोभेचे पाय लटपटत होते.

दुपारी म्हटलं, पड जरा. तर म्हणते, "लोकाच्या घरी दिवसाढवळ्या लोळतात का? शिकवलं नाही वाटतं तुला कुणी." शिकवणारी तीच.

१३ फेब्रुवारी

आज दुखण्यावरचं इंजेक्शन दोनदा द्यावं लागलं. तरी खुर्चीत ताठ.

१४ फेब्रुवारी

"किती दिवस झाले आपल्याला येऊन?"

"पाच."

"पाच! पाहुण्याने तीन दिवस राहावं. सामान बांध, सनोबर. लोक तोंडावर बोलत नाहीत म्हणून आपण चिकटून बसायचं का?"

माझा तोल गेला. तिला उठवलं — हो, मरणाच्या दारातल्या माझ्या आईला दंडाला धरून उठवलं — आणि कोपऱ्यातल्या, खोली उबवायच्या उंच पांढऱ्या शेगडीपाशी नेलं. तेवढी एक जुनी राहिली आहे. म्हटलं, "इथे बाबा पाठ टेकून बसायचे! रेडिओ ऐकायचे! आठव जरा!"

तिने शेगडीकडे पाहिलं. शांतपणे म्हणाली, "बसत असतील कुणाचे तरी बाबा."

न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. जिथे रडले तिथे पूर्वी आईच्या शिवणयंत्राची जागा होती. बाहेर आले तर तिने विचारलं, "पाणी गरम येतं का गं यांच्याकडे?"

१५ फेब्रुवारी

मस्तुरा मावशी येऊन गेली. अंगणापलीकडच्या दोन खोल्यांत राहायची. आईची चाळीस वर्षांची मैत्रीण आणि भांडणाची जोडीदार. तिला मी फोन केला होता, म्हटलं एकदा भेट. दरवाज्यावरच्या पहारेकऱ्याने तिला अडवलं, कुणाकडे आलात म्हणून. मावशी त्याला म्हणाली, "बाळा, तू उभा आहेस ना, तिथे आमचा कचऱ्याचा डबा होता." मग सोडलं त्याने.

ती आईपाशी होती म्हणून मी औषधाच्या दुकानात जाऊन आले. परतले तर जिन्यापर्यंत हसणं ऐकू येत होतं. आत पाऊल टाकलं आणि दोघी गप्प. मावशीचे डोळे लाल.

बाहेर व्हरांड्यात तिला विचारलं, "तुला ओळखलं?"

"मला न ओळखून जाईल कुठे? सत्तर सालातली माझी कढई अजून परत करायची राहिलीय, हे तिनेच काढलं."

"आणि खोली?"

मावशीने बूट घालायला उगाच वेळ लावला. "सनोबर, तिला घरी घेऊन जा."

"हेच घर आहे तिचं!"

"नाही गं," एवढंच म्हणाली. माझ्या गालाला हात लावला आणि गेली. आता हिचंही डोकं फिरलं की काय!

१६ फेब्रुवारी

कळलं त्यांना. खोली झाडायला आलेल्या बाईने इंजेक्शनच्या कुप्या पाहिल्या, निगोराला सांगितलं, निगोराने मालकाला.

फर्रुख नाव त्याचं. कोठी विकत घेणाऱ्याचा मुलगा. चाळिशीचा, मला 'ओपा' म्हणजे ताई म्हणत अदबीने बोलणारा. स्वतः चहा ओतून वाटी हातात दिली. हा ओरडला असता तर बरं झालं असतं.

"ओपा, डॉक्टरांनी किती दिवस दिलेत?"

खोटं बोलवेना. "होऊन गेले बहुतेक."

त्याने स्वतःची वाटी खाली ठेवली. "माझी आईही अशीच गेली. मी तुम्हाला जा म्हणणार नाही. पण ओपा... इथे काही झालं, तर मागच्या दाराने न्यावं लागेल. स्वयंपाकघराच्या. पहाटे. मोठ्या दरवाज्यातून नाही. समोर नाश्त्याची टेबलं असतात, लोक सुट्टीवर आलेले असतात."

"ती त्या मोठ्या दरवाज्यासाठीच आली आहे."

"बीबी? त्या तर मला म्हणाल्या, कधी पाहिलं नव्हतं इतकं देखणं घर."

मग मी नको ते बोलले. तुम्ही चोर, तुमचा बाप चोर, आमच्या ऐंशी-नव्वद वर्षांवर रंग फासलात! त्याने ऐकून घेतलं. शेवटी हळूच म्हणाला, "ओपा, कुणालाही हाकललं नव्हतं. सगळ्यांच्या सह्या आहेत. साक्षीदार म्हणून तुमची."

होय. माझीच.

स्वयंपाकघराच्या दाराने! बटाट्याच्या सालींच्या बादल्या जातात त्या दाराने माझी आई!

१७ फेब्रुवारी

काल दुपारपासून अन्नाला स्पर्श नाही. ओठ सुकलेत, नखं पिवळी. पण केस विंचरलेले, रुमाल नीट, खुर्चीत बसलेली. डॉक्टरला फोन केला, त्यालाही आश्चर्य वाटलं. "कशावर टिकल्यात?"

मला आता कळलं कशावर! यजमानाच्या घरी मरणं तिला असभ्यपणा वाटतोय. ही बाई संकोचापायी मरत नाहीये! लोकांच्या चादरी खराब होतील, लोकांना त्रास होईल, म्हणून दातावर दात धरून जीव रोखून बसली आहे. आणि मी तिला तिच्याच घरी पाहुणी करून हे हाल करतेय.

उद्या निघायचं.

१८ फेब्रुवारी

निघालो. मोठ्या दरवाज्यातून ती चालत बाहेर पडली, माझ्या हाताला धरून. निगोराच्या कपाळाचं चुंबन घेतलं. फर्रुखसाठी दुवा मागितली — धंद्याला, मुलाबाळांना, छपराला. तो मान खाली घालून उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

आईने वळून पाहिलं नाही. एकदाही नाही.

लिफ्ट चालू होती, नशीब. माझ्या पलंगावर, उसवलेल्या गोधडीवर ती आडवी झाली आणि म्हणाली, "हुश्श." दहा दिवसांत पहिल्यांदा दिवसा आडवी झाली. मग म्हणाली, "दार उघडं ठेव. बाहेरचं. लोखंडी."

"थंडी येते, आई."

"येऊ दे."

ठेवलं. हरले मी. तिला एक गोष्ट हवी होती, तीही देता आली नाही.

२१ फेब्रुवारी

आई गेली. सकाळी, चहा गाळत होते तेवढ्यात.

२३ फेब्रुवारी

लिहवत नाही, पण हे राहायला नको.

नऊ मजले जिन्याने उतरवली तिला. उघड्या दारातून माझा आक्रोश ऐकून समोरची बाई धावत आली, तिने आधी सातवा मजला उठवला, मग पाचवा. कोण कुठले पुरुष — कुणी टॅक्सीवाला, कुणी दातांचा डॉक्टर — दर मजल्याला खांदा बदलत होते. खाली बाकं मांडलेली. कुणी मांडली मला माहीत नाही. मृताच्या घरी तीन दिवस चूल पेटवायची नाही, शेजाऱ्यांनी जेवू घालायचं, म्हणून तीन दिवस बिऱ्हाडा-बिऱ्हाडातून पातेली येताहेत. ठेवायला जागा नाही.

आज मस्तुरा मावशीजवळ रडले. म्हटलं, तिच्या दारातून नेता आलं नाही गं. तिने ती खोली ओळखलीच नाही.

मावशी म्हणाली, "पाय ठेवल्याबरोबर ओळखली. मला खिळेसुद्धा दाखवले तिने, कुठला कुणी ठोकला ते. म्हणाली, माझी खोली आहे, मस्तुरा, जीव तुटतो. पण इथून गेले तर लोक इथे येतील. सनोबरच्या दाराशी कोण येणार? ती एकटी उरेल त्या लोखंडी दाराआड."

मला आईचा भयंकर राग आलाय. दहा दिवस! त्या दुखण्यात, ताठ बसून, माझ्याशी खोटं!

आत्ता समोरची बाई पुन्हा येऊन गेली, गरम शुर्पा सूप घेऊन. आज नाव विचारलं. मलोहत.