‘बाल’ हे शेपूट न कापण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
संगणक विभाग, मध्यवर्ती रुग्णालय.

विषय : सुधारित संगणकीय पॅकेजच्या (प्रोग्रॅमच्या) आवृत्तीनावातून ‘बाल’ हा शब्द न काढल्याचा खुलासा, व पुढेही न काढण्याबाबत.
संदर्भ : आपले परिपत्रक क्र. ११ (याच क्रमांकाची दोन आली आहेत, अधिक कडक ते धरले आहे).

महोदय,

१. ‘एकसूत्रता’ यावी म्हणून प्रत्येक पॅकेजला मूळ कंपनीचा आकडाच ठेवायचा, आम्ही जोडलेली शेपटे छाटायची, असा आपला आदेश आहे. म्हणजे सगळे घोडे बारा टक्के.

२. औषधाच्या मात्रेचे पॅकेज मी बालरुग्ण कक्षासाठी बदलले आहे. मुलाचे वजन भरल्याशिवाय ते मात्रा दाखवत नाही. मूळ पॅकेज काही विचारत नाही. मोठ्या माणसाची मात्रा दाखवून मोकळे होते. म्हणून मूळ ‘४.२’ आमच्याकडे ‘४.२-बाल’ झाले. रोज रात्री सगळीकडे मूळ पॅकेज नव्याने बसवणारा मुख्य सर्व्हर हे शेपूट दिसले की त्याला हात लावत नाही.

३. गेल्या सोमवारी मी रजेवर असताना आपल्या आदेशाने शेपूट कापले गेले. सर्व्हरने ते मूळच समजून त्यावर रीतसर मूळ पॅकेज बसवले. दुपारच्या पाळीत, तापाने फणफणलेल्या एका चिमुरडीसाठी तिच्या बापाला लागेल एवढी मात्रा पडद्यावर आली. थोरल्या सिस्टरनी सिरिंज खाली ठेवली आणि मला घरी फोन केला, “अहो, हे आज वजन का विचारत नाहीये?” मुलगी सुखरूप आहे. त्याचे श्रेय एकसूत्रतेला नाही.

४. मी रजा सोडून आलो व शेपूट परत जोडले. त्यावर मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. नाव आढावा तक्त्याच्या रकान्यात मावत नाही, असे तीत म्हटले आहे. महोदय, रकाना रुंद करता येतो. चहा निवायच्या आत करून देतो.

५. ताकाला जाऊन भांडे लपवत नाही. आपल्या पहिल्या परिपत्रकात शेपूट ‘शक्यतो’ काढावे असे आहे, दुसऱ्यात ‘तत्काळ’. कोणते खरे हे विचारायला प्रयोगशाळेतले लोक माझ्याकडे येतात. दुसऱ्याला ‘११-तत्काळ’ म्हणा, असे मी त्यांना सांगितले. आता सगळा विभाग तसेच म्हणतो, आणि घोळ मिटला आहे.

६. सबब, मी शेपूट काढणार नाही. बदली, निलंबन, जे ठरेल ते कळवावे. काढायचेच असेल तर आपण स्वतः कक्षात यावे आणि थोरल्या सिस्टरसमोर आपल्या हाताने काढावे. चिमुरडी अजून तिथेच आहे, खिडकीजवळच्या खाटेवर. वजन साडेअकरा किलो.

आपला, या एका बाबतीत नम्र नसलेला,
(सही)
पॅकेज बांधणारा, संगणक विभाग
दिनांक : १४ जून

सोबत : परिपत्रक ११ व ११-तत्काळ.