चुन्याखालचा हात

आत्याबाई,

"पुसू नको बाई, वरून चुना मार. लेकरू हाय तिथंच राहील," असं तुम्ही म्हणाला होतात. माझी तेजू जाऊन तेव्हा महिना झाला होता. त्याआधी पोळ्याला, बैलांसाठी कालवलेल्या गेरूत हात बुडवून तिने ओसरीच्या भिंतीवर ठसा उठवला होता. चुना मारूनही मला ती भिंत बघवेना, म्हणून मी घर सोडलं. तेव्हापासून तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. याआधीची दोन पत्रं मला पोस्टात टाकवली नाहीत.

काल बीडमध्ये माझ्या चित्रांचं प्रदर्शन सुरू झालं. वेलबुट्टी, मोर, सोनेरी नक्षी, थरावर थर. आणि प्रत्येक चित्रात सगळ्यात खाली तिचा हात. एक बाई निरखून म्हणाली, "सगळीकडं उजवाच हात कावून काढला?" तेजूचा ठसा उजव्या हाताचा होता की डाव्या, ते मी विसरलेय, आत्याबाई.

ओसरी पाडून स्लॅबचं घर बांधताय, असं चौसाळ्याच्या बाजारात कळलं. मला उंबऱ्याच्या आत घेऊ नका. तुम्ही नाहीच म्हणाल, तरी विचारते: पाडायच्या आधी तेवढा चुना खरवडून, कोणता हात आहे ते कळवाल का?

तुमची सून,
वनमाला