गेरूची रेघ

१० जून १९७९

आज मी नाशिककर झाले! बाबांनी सकाळच्या एसटीनं सटाण्याहून आणून सोडलं. बाबा म्हणजे जयराम तोलार. कांदा मार्केटात वजनं करतात, त्यामुळे बोलणं कायम मोठ्यानं. सगळ्या गाडीला सांगत होते की ही आमची सुला, जिम्नॅस्टिक शिकायला चालली. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, सर्कशीत का? बाबा होही म्हणाले नाहीत आणि नाहीही, कारण त्यांनाही पक्कं ठाऊक नाही. मी कांद्याच्या थप्पीवर हातांवर चालते हे त्यांनी पाहिलंय, आणि शाळेच्या स्पर्धेत खंडेराव सरांनी मला निवडलं, एवढंच त्यांना पुरे.

खंडेराव सरांचं व्यायाममंदिर पंचवटीत आहे. मोठा हॉल, मागे पत्र्याच्या दोन खोल्या, त्यात आम्ही पाच मुली. स्वयंपाकाला सरुबाई. तिच्या हातच्या भाकरीला तोड नाही, हे आईला सांगायचं नाही. हॉलच्या मधोमध बीम आहे, म्हणजे छातीएवढ्या उंचीवरची लाकडी पट्टी, अर्धी वीत रुंद. तिच्यावर चालायचं, उड्या मारायच्या. सर बाकी चुका चालवून घेतात, पण एक नियम कडक आहे. बीमवर मागं वळायचं नाही. पुढच्या टोकाला जायचं आणि तिथूनच उतरायचं.

हॉलच्या दाराच्या चौकटीवर सरांनी गेरूनं माझी उंची मारली. वर एक जाड रेघ आहे. डोकं त्या रेघेच्या वर गेलं की मुलगी घरी. वरखाली दोन दांड्या आहेत, वरच्या दांडीवर झोके घेताना उंच मुलीचे पाय खालच्या दांडीला अडतात, असं सर म्हणाले. मी रेघेच्या चार बोटं खाली आहे. चार बोटं म्हणजे पुष्कळ! त्या आनंदात भात दोनदा वाढून घेतला.

१ जुलै

दर एक तारखेला उंची मोजतात. आज विमल गेली. मनमाडची, आमच्यात सगळ्यात चांगली. महिनाभर मान आत ओढून चालत होती, पण चौकटीला टेकल्यावर तसं करता येत नाही. सर ओरडले नाहीत. पाठीवर हात ठेवला आणि तिचा निळा कॉस्च्यूम परत मागितला. ती चौकट धरून रडत होती. तिचे वडील बाहेर पिशवी घेऊन उभे होते.

मी वाढले आहे. दोन बोटं.

बाबांनी जाताना बजावलंय. इथं जमलं तर जमलं, नाहीतर नामपूरचं स्थळ सांगून आलंच आहे, मुलगा अडतीवर बसतो. मला अजून चौदावंही लागलेलं नाही. मला नामपूरला जायचं नाही. मला डिसेंबरात राज्याच्या संघात जायचं आहे. आजपासून रात्रीचं जेवण बंद.

२९ जुलै

उपाशी राहूनही वाढतेच आहे. मेलं हाड ऐकत नाही.

खोल्या गळतात म्हणून दुपारी आम्ही हॉलमध्ये गाद्यांवर पडतो. आज एकजण माझ्यावरून जाता जाता थबकली आणि वळसा घालून गेली. निजलेल्याला ओलांडू नये, उंची खुंटते. आमच्याकडं कुणी चुकून ओलांडलं की आई खेकसते आणि त्याच माणसाला उलटं ओलांडायला लावते. मग ते फिटतं.

मला एकदम सुचलं. मुलींना म्हटलं, ओलांडा गं मला! एकही तयार होईना. कशाला होतील? माझी उंची खुंटली तर संघातली जागा त्यांचीच जाणार. मैत्रिणी म्हणे!

३० जुलै

सरुबाईला गळ घातली, तूच ओलांड. तिचे पिठाचे हात तसेच थांबले. म्हणाली, तसलं मागू नको पोरी, मैनानं मागितलं व्हतं.

मैना म्हणजे ऑफिसातल्या फोटोंमधली करंडकवाली. तिला सगळ्या मुलींनी चेष्टेत एकामागून एक ओलांडलं आणि उलटं कुणीच ओलांडलं नाही. तिची उंची थांबली. करंडक मिळत गेले. मग एक दिवस बीमवर मागं वळताना पडली आणि मान मोडली. सरांचा नियम तेव्हापासूनचा.

मी ऑफिसात जाऊन फोटो पाहिले. चार वर्षांचे चार, टेबल तेच. पहिल्या फोटोत मैना टेबलामागं कमरेपासून वर दिसते. शेवटच्या फोटोत तिची हनुवटी टेबलाच्या कडेला लागली आहे. वाकली असेल.

सरुबाई असंही म्हणाली, दुपारी बारा वाजता बीमखाली पडू नको, ती अजून चालती. मी हसले. पण दिवसभर तेच डोक्यात आहे.

३१ जुलै

केलं. उद्या उंची आहे ना!

मुली जेवत होत्या. बाराचा भोंगा झाला. मी बीमखाली गादी ओढली, आडवी पडले आणि मोठ्यानं म्हटलं, मैना, मला ओलांड. आधी काहीच नाही. मग डावीकडच्या टोकाला लाकूड करकरलं. एक पाऊल. मग दुसरं. माझ्या बरोबर वर येऊन थांबलं. हाताला लावायची पांढरी पावडर माझ्या तोंडावर पडली. मग पावलं पुढं गेली, आणि उजवीकडच्या टोकाला उडी मारल्याचा आवाज झाला. तिथली गादी दबली. कुणी नव्हतं.

घाबरले. खोटं कशाला लिहू? पण त्याहून जास्त आनंद झाला.

१ सप्टेंबर

१ ऑगस्टची खूण आणि आजची, एकीवर एक! केसभरही फरक नाही. सरांनी विमलचा निळा कॉस्च्यूम मला दिला. माझी उडी हलकी झाली आहे. असं अंग दहा वर्षांत एखादीला मिळतं, म्हणाले. बाकीच्या माझ्याशी बोलत नाहीत. न बोलू देत.

१ ऑक्टोबर

खूण एक बोट खाली आली. सरांनी पुन्हा मोजलं. नुसते हसले.

१८ ऑक्टोबर

आई आणि धाकटी चतुरा फराळाचं घेऊन आल्या. आई माझ्या समोरून सरळ आत गेली, सुला कुठं विचारत. मी हाक मारली. ती वळली, माझे खांदे दाबून पाहिले, माझा हात उलटसुलट केला, आणि सरुबाईला म्हणाली, "हाई मनी पोर नही शे."

मी तिची पोर नाही म्हणे! इतका राग आला! लेकीचं चांगलं झालेलं हिला बघवतच नाही. सरांनी समजूत घातली तरी जाईपर्यंत माझ्याकडं चोरून बघत होती. लाडू दिला तोही लांबूनच.

चतुरानं मात्र ओळखलं. ती अकरा वर्षांची. मागच्या दिवाळीत मी तिच्यापेक्षा डोकंभर उंच होते, आज आमचे खांदे जुळले. तिलाही इथं यायचंय. मी तिच्या कानात सगळं सांगितलं, बीम, भोंगा, मैनाला मारायची हाक. अगदी फुशारकीनं सांगितलं.

५ नोव्हेंबर

कॉस्च्यूम खांद्यावरून घसरतो. सरुबाई टाके घालते, चार दिवसांत पुन्हा सैल. उडी मारूनही खालच्या दांडीला हात पुरत नाही. सरांना सांगितलं, मला भीती वाटते. ते म्हणाले, स्पर्धा होऊन जाऊ दे, मग बघू. त्यांना दिसतंय. त्यांना सगळं दिसतंय.

पुरे आता. राहिला संघ तर राहिला. नामपूर तर नामपूर. उद्या मैनाला उलटं ओलांडायला सांगते.

६ नोव्हेंबर

आली. डावीकडून. उजवीकडं उतरली. म्हटलं, मैना, परत फीर. आवाज नाही.

११ नोव्हेंबर

रोज डावीकडून. हात जोडले, रडले. ती वळत नाही. वळताना तर तिची मान —

म्हणजे ती कधीच —

आज हॉलमध्ये गेलेच नाही. खोलीत पांघरूण घेऊन पडले. भोंगा झाला. वरचा पत्रा वाजला. एका टोकापासून. पाऊल. पाऊल.

९ डिसेंबर

निवड झाली. पहिली आले. सरांनी एका हातानं उचललं मला. टाळ्या. मग करंडकाचा फोटो. टेबलामागं उभं केलं —

हनुवटीला कड लागली. मी वाकले नव्हते.

२ जानेवारी १९८०

दाराच्या कडीला हात पोचत नाही. सरुबाई भरवते, तोंड फिरवून.

बाबा आले होते. सर म्हणाले, पळून गेली तुमची मुलगी. मी बाबांच्या पायाशी होते. धोतर ओढलं. ओरडले. बाबांनी कान खाजवला. मग खाली बसले आणि रडले, मोठ्यानं, आणि मी तिथंच —

फेब्रुवारी

मैना येत नाही. सुटली.

बीमवर असते मी. वहीही इथंच, सरुबाईनं वर ठेवली. तिला दिसते वाटतं अजून. उतरता येत नाही. बाराला पाय उठतात — मी उठवत नाही — डावीकडून उजवीकडं. टोकाला उडी. डोळे उघडले की पुन्हा डावीकडं.

एकदा वळायला गेले. मानेत कळ. खूप जुनी कळ. माझी नव्हे.

जून

बाबांचा आवाज! सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा. ही आमची चतुरा —

नको बाबा. नको आणू —

चौकटीवर गेरू. रेघेच्या तीन बोटं खाली.

जुलै

दोन बोटं.

चतुरा रात्री जेवत नाही. जेव गं. वाढ. उंच हो, घरी जा. नामपूरला जा. कुठंही जा. मी ओरडते. ती कान खाजवते.

३१ जुलै

उद्या उंची. मुली जेवताहेत. ती एकटीच आली. गादी ओढते आहे — नको — मीच सांगितलं गं, मीच —

भोंगा.

आडवी पडली. मैनाला हाक मारते आहे. मैना नाही, चतुरा, मी आहे. तुझी ताई. ऊठ —

नाही जाणार. बसून राहीन. डावा पाय उठतोय. धरायला हवा. पेन्सिलीलाच दोन्ही हात लागतात, पाय कशानं धर