ठकीची झोप आणि माझी खुर्ची

२ मार्च

आजही बाबाच्याच खांद्यावर!

लॅबमधून आले, हात धुतले, कपडे बदलले, ठकीला घेतलं. पाऊण तास थोपटलं. पाठ, डोकं, तळपाय, सगळं चोळून झालं. हिचे डोळे टक्क उघडे. माझे केस ओढ, कानातलं ओढ, तोंडात बोट घाल. शेवटी नवरा स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून आला — "आण इकडे." खांद्यावर टाकलं, दोन येरझाऱ्या, आणि बाईसाहेब डाराडूर!

तो घरी बसून लोकांचे पंखे, इस्त्र्या दुरुस्त करतो म्हणून पोर त्याच्याकडे, आणि मी नोकरीवर. दोघांनी बसून ठरवलंय हे, कबूल. पण नऊ महिने पोटात कुणी वाढवलं?

३ मार्च

शेजारीण जिन्यात भेटली. "नशीब काढलंस हो! असा नवरा मिळतो कुणाला?"

हसले. म्हणजे दात दाखवले.

जळफळाट होतो नुसता! लिहायलाही लाज वाटते. बायका सवतीवर जळतात, मी नवऱ्यावर.

५ मार्च

दिवसभर लोकांच्या पोरांचं रक्त काढते. दारातच भोकाड पसरतात, आणि माझ्याशी दोन शब्द बोलले की गप्प हात पुढे करतात. घरी मात्र मला कुत्रं विचारत नाही.

मुलांच्या वॉर्डातल्या सिस्टरना विचारलं, पोरीला एकटीनं झोपायला शिकवायचं कसं? त्या म्हणाल्या, "जागी असतानाच कॉटमध्ये ठेवायची. शेजारी खुर्ची टाकून बसायचं, उचलायचं नाही. दर दोन दिवसांनी खुर्ची दाराकडे सरकवायची, सरकवत सरकवत खोलीबाहेर. आणि रात्रीचं हे एकाच माणसानं करायचं."

एकाच माणसानं! तेवढं पक्कं लक्षात ठेवलं.

नवऱ्याला सांगितलं, पोरीला स्वावलंबी करायचंय, रात्री मी बसणार. तो "बरं" म्हणाला. हा "बरं" म्हणाला की मला आणखी राग येतो.

खरं काय ते इथे लिहिते. माझ्याकडे झोपत नाही ना? मग कुणाच्याच खांद्यावर नको!

७ मार्च

काय रडली! गज धरून उभी, नाक लाल, हात दाराकडे. दारापलीकडे तो. त्याच्या चपलांचा आवाज येत होता, इकडून तिकडे, तिकडून इकडे. मी उचललं नाही. हात शिवशिवत होते नुसते. "मी आहे गं, मी आहे ना!" — पण ती मला मागतच नव्हती. रडून रडून झोपली एकदाची.

बाहेर आले तर हा जेवायचा थांबलेला. तोंड उतरलेलं. मला बरं वाटलं! काय बाई आहे मी.

८ मार्च

तेच. जरा कमी.

१० मार्च

आज रडलीच नाही!! आडवी पडली, गजातून हात बाहेर काढला, माझं बोट धरलं आणि माझ्याकडे बघत राहिली. एकटक. बाबाचं नावसुद्धा नाही! झोपायला तासाच्या वर लागला. लागू दे.

जिंकले.

१२ मार्च

खुर्ची केव्हाच सरकवायची होती. नाही सरकवली. पाय दुखत होते म्हणे माझे. खुर्ची सरकवायला पाय कशाला लागतात!

१४ मार्च

नवरा भाजी चिरता चिरता — "खुर्ची अजून तिथेच?"

"हळूहळू घ्यायचं असतं."

"पण सिस्टर तर दोन दिवसांनी —"

"तू शिकवतोयस की मी?"

पुन्हा भाजीकडे वळला. दुखतंय पोटात! दुखू दे. इतके महिने माझ्या दुखत होतं तेव्हा कुठे होता?

१७ मार्च

लॅबचं मशीन बंद पडलं, लवकर सोडलं. आले तर घरात सामसूम. हा एक इस्त्री उघडून बसलेला.

"ठकी?"

"झोपलीय."

आत गेले. कॉटमध्ये एकटी. पालथी, ढुंगण वर. जवळ कुणी नाही. माझी खुर्ची कोपऱ्यात, तिच्यावर धुतलेले कपडे.

"कुणी झोपवलं?"

"कुणी नाही. जागी ठेवली, बाहेर आलो. आठवडा झाला, दुपारी अशीच झोपते."

आठवडा! आणि मी रोज तास तास बसतेय! कंबरेचा काटा ढिला होईस्तोवर!

"सांगितलं का नाहीस?"

"तू खुर्चीवर इतकी खुशीत असायचीस..."

मग भांडले. तोंडाला येईल ते बोलले. "हसत असशील मनातल्या मनात! पोरगी तुझी, झोप तुझी, शहाणपण तुझं! मी कोण? पगार आणणारी पाहुणी!" आवाजानं ठकी उठली. त्यानंच घेतलं.

१८ मार्च

अबोला. खुर्ची खोलीबाहेर आणून आदळली. "तूच ठेव तिला." त्यानं ठेवली, आणि माझा भात गार होण्याआधी ती झोपलीसुद्धा.

हरले. लिहिणार नाही काही.

१९ मार्च

चहा देताना तो खाली बघून म्हणाला, "माझ्याकडे झोपेल नाही तर काय? दिवसभर हेच तोंड बघते, कंटाळते. तू असलीस की तिला झोपायचंच नसतं. डोळे मिटायला लागले की दचकून उघडते, तू आहेस का बघते. मी दाराच्या फटीतून बघितलंय. तू येण्याच्या वेळेला तर माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही, दाराकडे तोंड करून बसते. मला काय वाटत असेल?"

आज तिला झोपवलं नाही. मांडीवर घेऊन बसले. जांभया देतेय, डोळे ताणतेय. बघ बाई, किती बघायचंय तेवढं बघ.