सेगोला मारलेल्या नऊ हाका

चिवांडा, ६ ऑक्टोबर

चि. यासिन यास,

आशीर्वाद राहू दे बाजूला. आधी सांग, लुजेंडा नदीकाठच्या रानात तू काय करून ठेवलंयस? आणि ‘मी काहीच केलं नाही’ असं लिहू नकोस. ते तुझं तू पाच वर्षांचा असल्यापासून ऐकतेय.

चार दिवस झाले, बाबा कुऱ्हाड आणि धुराची मोळी घेऊन जातात आणि तसेच परत येतात. ते हाक मारतात, मधाची वाट दाखवणारा सेगो पक्षी येतो, फांदीवर बसून बघतो आणि उडून जातो. मधाच्या झाडाकडे नेतच नाही. काल पाय धुताना म्हणाले, झैनबू, माझा आवाज गेला बहुतेक, पाखरू ओळखेना. मग कुऱ्हाड छपरात खोचली. चाळीस वर्षांत ती कुऱ्हाड मी छपरात पाहिली नव्हती.

शेजारचा बिटोन म्हणाला, तुझी शूटिंगवाली मंडळी तिथंच होती. मावशी विचारतेय, तू सिनेमात दिसणार का. मी म्हटलं, कान तरी नक्की दिसतील.

लोभ आहे, पण उत्तर येईपर्यंत कुलपात.
तुझी ताई, झैनबू

*

तळावरून, ११ ऑक्टोबर

ती. ताईस कान धरून सा. न. वि. वि.

हे बाबांना वाचून दाखवू नकोस.

त्या दिवशी पहाटेच निघालो. कॅमेऱ्याच्या मार्थाबाई वारुळाआड पालथ्या पडलेल्या, अंगावर मुंग्या, तरी हलायच्या नाहीत. मी आपली हाक मारली, ब्रर्र-हम्म. सेगो लगेच आला, शेपटीची पांढरी पिसं दाखवत, चटचट करत. त्याने नेलं, आम्ही मध काढला. झकास झालं. पण बाई म्हणाल्या, उन्हाची तिरीप चुकली, पुन्हा. मग हत्तींचा कळप मध्ये आला, पुन्हा. मग माझी सावली पडली, पुन्हा. दिवसभरात नऊ हाका मारल्या, ताई. पहिल्या हाकेनंतर प्रत्येक वेळी तो आला, झाडाझाडाने पुढे गेला, मागे वळून बघत राहिला, आणि चित्र मिळालं की आम्ही अर्ध्यातून परत फिरलो.

आणि त्याचं खाणं, पोळ्यातलं मेण. बाईंनी कुठेतरी ऐकलेलं की पाखरू उपाशी असलं की जास्त नेतं. त्यांनी विचारलं, मेण डब्यात भरून ठेवलं तर चालेल का? बाईंना काय माहीत. माहीत मला होतं. मी म्हटलं, चालेल. ओली पानं अंथरून त्यावर त्याचा वाटा ठेवायचा, हे बाबांनी मला चालायच्या आधी शिकवलं असेल, आणि मी झाकण लावलं.

बाबांचा आवाज गेलेला नाही. ते एवढंच त्यांना कसंतरी पटव.

रागावलीस तरी चालेल, पण लिहीत राहा.
यासिन

*

चिवांडा, १५ ऑक्टोबर

चि. यासिन,

आशीर्वाद. या वेळी खरे.

आपल्याकडे पत्र आलं की मोठ्याने वाचतात, तुला ठाऊक आहे. तुझी पहिली ओळ वाचून मी थांबले. बाबा म्हणाले, जिथं थांबलीस तिथूनच वाच.

सगळं वाचलं. रागावले नाहीत. मी वाट बघत होते, रागावले असते तर बरं झालं असतं. बराच वेळ मक्याच्या पिठाच्या शिम्याचा गोळा नुसता हातात धरून बसले. मी म्हटलं, बघा, तुमचा आवाज शाबूत आहे, चूक यासिनची आहे. तर म्हणाले, हाक एकच आहे गं. माझ्या बापाची, माझी, त्याची. कुठल्या तोंडानं खोटं बोललं, ते पाखराला काय कळणार? फेडायचं ते ज्याला जमेल त्यानं फेडावं.

आता रोज सकाळी गेल्या वर्षीच्या मेणाचा तुकडा घेऊन एकटे जातात. कुऱ्हाड नाही, मोळी नाही. डोळ्यांना धड दिसत नाही आणि नदीवर रानम्हशी उतरल्यात. मी सोबत निघाले तर म्हणाले, घोळका बघून तो येणार नाही. मेण आठवडाभर पुरेल. त्यानंतर काय, ते बोलत नाहीत.

जाताना सांगितलंस त्या हिशोबानं तुझं काम अजून पंधरा दिवस आहे. ये असं मी लिहीत नाही.

लोभाचं कुलूप काढलंय.
झैनबू

*

तळावरून, १८ ऑक्टोबर

ती. ताईस व बाबांस सा. न.,

ताई, हे मोठ्यानेच वाच.

मार्थाबाईंना उद्या शेवटची हाक हवी होती. मी म्हटलं, नाही मारणार. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं. त्यांनी स्वतःच तो मेणाचा डबा आणून माझ्या हातात दिला. चित्र ठेवतील की टाकतील, मी विचारलं नाही. कामही सोडलं.

बाबा, उद्यापासून तुम्ही जाऊ नका. मी थेट रानातच जातोय, घरी नंतर येईन. नऊ जागी पानं अंथरीन, नऊ वाटे ठेवीन, आणि लांब बसेन. हाक मारणार नाही. आधी त्याला खाऊ दे. तो पुन्हा आपण होऊन चटचट करत येईल तेव्हाच बोलावीन. नाही आला तर येईपर्यंत बसून राहीन.

उत्तर पाठवू नका, तळावर घ्यायला मी नसेन. मासळीचा ट्रक निघालाय, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. पत्र त्याच्याकडे देतोय आणि मी नदीच्या फाट्यावर उतरतोय.

कुऱ्हाड छपरातून काढून धार लावून ठेवा.

यासिन